‘अल्मा माटर’च्या पायऱ्यांवर: कोलंबियातले आपले अनुभव लिहा

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ‘अल्मा माटर’ (लॅटिनमध्ये ‘पोषण करणारी माता’) या पुतळ्याचे अनावरण 23 सप्टेंबर 1903 रोजी झाले, म्हणजे 2028 मध्ये त्याला सव्वाशे वर्षे पूर्ण होतील. लो ग्रंथालयाच्या रुंद दगडी पायऱ्यांच्या मध्यावर सिंहासनावर बसलेली ही कांस्याची स्त्री डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवली. वॉशिंग्टन शहरातील लिंकन स्मारकात बसलेले लिंकनही त्यांचेच. रॉबर्ट गोलेट या 1860 च्या तुकडीतील माजी विद्यार्थ्याच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नीने हा पुतळा विद्यापीठाला दिला. मांडीवर उघडे पुस्तक, उजव्या हातात राजदंड आणि दोन्ही बाहू येणाऱ्याच्या स्वागतासाठी उघडलेले, असे तिचे रूप आहे. विद्यापीठाने तिला सव्वाशेव्या वर्षी मानवंदना द्यावी ही अपेक्षा आहेच, पण या पायऱ्यांशी मराठी माणसांचे जे नाते आहे ते आपणच लिहून ठेवले पाहिजे. ज्यांनी तिथे शिक्षण घेतले, मुलांना पोहोचवले किंवा केवळ पाहून आले, त्या सर्वांनी लिहावे ही विनंती.

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, मूळ गाव नागपूर

‘कोलंबिया’ हे नाव मी शाळेत जाऊ लागण्याआधीच ऐकले होते. आमच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तिच्याखाली त्यांच्या पदव्या ओळीने छापलेल्या आहेत. आजोबा त्या एकेक करून बोट ठेवून वाचून दाखवीत, आणि एम.ए., पीएच.डी. व एलएल.डी. या तिन्ही कोलंबियाच्या, हे आवर्जून सांगत.

बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर जुलै 1913 मध्ये इथे आले, तेव्हा या पुतळ्याला जेमतेम दहा वर्षे झाली होती. आज विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय समोरच्या बटलर इमारतीत आहे, परंतु ती इमारत 1934 मध्ये सुरू झाली. त्याआधी लो हेच मुख्य ग्रंथालय होते आणि त्याच्या भव्य घुमटाखाली वाचनकक्ष होता. आता तिथे प्रशासनाची कार्यालये असल्यामुळे ही गोष्ट आपल्याकडच्या पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले, तो तरुण अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ ड्यूई यांच्या वर्गांत बसू लागला, आणि समोरून ग्रंथालयात शिरताना त्याच्या वाटेवर उघडे पुस्तक घेऊन बसलेली ही मूर्ती होती. 1915 मध्ये ते एम.ए. झाले आणि 9 मे 1916 रोजी त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. विद्यापीठाच्याच लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे आणि आपली माणसे तिथे जाऊन हार घालतात, ते योग्यच आहे. तरीही त्यांच्या येथील काळाचा अंदाज यायचा असेल, तर लो ग्रंथालयाच्या या पायऱ्या खालपासून वरपर्यंत चढून जाव्यात, असे मी प्रत्येकाला सांगते.

संगणकशास्त्राची माजी विद्यार्थिनी, पुणे

वरच्या ताईंनी लिहिलेले वाचून एक गोष्ट नोंदवावीशी वाटली. विद्यापीठाचे प्रतीक म्हणून सर्वांत पुढे एक स्त्री बसलेली असली, तरी कोलंबिया कॉलेजमध्ये पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळायला 1983 साल उजाडले. शेजारचे बर्नार्ड हे मुलींचे महाविद्यालय 1889 पासून होते, म्हणून शिक्षणाची वाट अगदीच बंद नव्हती; पण पुतळ्यानंतर तब्बल 80 वर्षे त्या कॉलेजचा दरवाजा मुलींना बंद राहिला, हे वर्धापनाच्या कौतुकात विसरले जाऊ नये. मला तिथे प्रवेश सहज मिळाला तो आधीच्या पिढ्यांतील बायकांनी धरलेल्या आग्रहामुळे, याची जाणीव मला त्या पायऱ्यांवर बसून डबा खाताना अनेकदा झाली.

तिच्या वस्त्राच्या चुण्यांत डाव्या पायाजवळ एक घुबड लपलेले आहे. नव्या तुकडीत ते ज्याला प्रथम सापडेल तो सर्वांत पहिला येतो, अशी तिथे समजूत आहे. माझी आई भेटायला आली तेव्हा ते पाहून आधी दचकली आणि मग म्हणाली, “असू दे, लक्ष्मीचे वाहन आहे.” त्यानंतर तिने ते प्रत्येक पाहुण्याला दाखवले.

शिल्पसंवर्धन करणारा, मुंबई

मी जे. जे. स्कूलमध्ये शिकलो आणि धातुशिल्पांची निगा राखणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे मी तिच्याकडे पाहिले ते पृष्ठभागाच्या दृष्टीने. मुळात या कांस्यावर सोन्याचा वर्ख होता. ऊन, पाऊस आणि शहराच्या धुरामुळे तो झिजला आणि कांस्यातील तांब्यावर हिरवट थर चढला. हा थर एकसारखा बसतो तेव्हा तो आतल्या धातूचे काही प्रमाणात रक्षणच करतो, म्हणून तो घासून काढू नये असे आम्हाला शिकवतात. 1962 मध्ये तिला पुन्हा सोनेरी केले, तेव्हा लोकांना ती झळाळी इतकी खटकली की वर्ख काढून टाकावा लागला. माझ्या मते लोकांचे बरोबर होते, कारण त्यांनी जिच्या सावलीत शिक्षण घेतले ती हिरवीच होती.

तिच्यावर एक घावही बसला आहे. 1970 च्या मे महिन्यात, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांच्या काळात, तिथे बाँबस्फोट होऊन सिंहासनाचे नुकसान झाले, आणि दुरुस्ती 1978 मध्ये झाली. म्हणजे आठ वर्षे विद्यार्थी त्या मोडक्या आसनासमोरून वर्गांना जात होते. माझ्या क्षेत्रातील कोणी तिथे जाणार असेल, तर सिंहासनाला मागून पूर्ण फेरी मारावी.

पालक, सांगली

मुलाच्या पदवीदानासाठी आम्ही दोघे मे महिन्यात गेलो होतो. फिकट निळ्या झग्यांतील मुलांनी सगळा चौक भरून गेला होता, आणि पुतळ्यासोबत छायाचित्र काढण्यासाठी रांग लागली होती. आमची पाळी आली तेव्हा सौभाग्यवतींनी चप्पल बाजूला काढून ठेवली, ग्रॅनाइटच्या चौथऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि मगच मुलाशेजारी उभ्या राहिल्या. मागे उभे असलेले कोरियन कुटुंब शांतपणे थांबले, आणि त्यांच्या आजीबाईंनीही पाठोपाठ हात जोडले.

5 जून 1952 रोजी याच विद्यापीठाने बाबासाहेबांना एलएल.डी. ही मानद पदवी दिली. प्रथम आले होते त्याला तेव्हा 39 वर्षे होत आली होती आणि मधल्या काळात त्यांनी देशाची राज्यघटना घडवली होती, हे मी मुलाला तिथेच सांगितले. पुढच्या वर्षी ज्यांच्या घरातील कोणी पदवी घेणार असेल, त्यांना एवढेच सुचवतो की समारंभाच्या दिवशी गर्दीत धड उभे राहता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी सकाळी लवकर जावे. तेव्हा पायऱ्यांवर निवांत बसता येते आणि घुबडही मुलांना सावकाश शोधू देता येते.