दार एकच, किल्ली कंपनीच्या खिशात

धंतोलीकर: काल भाच्यासाठी फोन पाहायला बर्डीवर गेलो. दुकानदार म्हणे, "आयफोन घ्या भाऊ, प्रायव्हसीत हात नाही धरू शकत कोणी." चीनमध्येही का? २०१७ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून ॲपलने तिथल्या ॲप स्टोअरमधून व्हीपीएनची, म्हणजे सरकारने अडवलेल्या साइट उघडून देणारी ॲप्स काढली. २०१८ पासून तिथल्या ग्राहकांचा आयक्लाउड डेटा, म्हणजे ॲपलकडे ऑनलाइन साठवलेले फोटो-फाइली, ग्वेइचौ प्रांतातली सरकारी मालकीची कंपनी सांभाळते. २०२४ च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपही स्टोअरमधून गेलं. उत्तर ठरलेलं: आम्ही त्या त्या देशाचा कायदा पाळतो.
धंदा करा ना, कोण अडवतं! पण आयफोनमध्ये ॲप टाकायला ॲप स्टोअरशिवाय दुसरं दारच ठेवलं नाही, तिथं माझं डोकं फिरतं. सरकारला कोट्यवधी फोन कशाला तपासावे लागतील? एका ऑफिसला चिठ्ठी धाडली की काम झालं.

मिहानवाला: मग काय, दुकान बंद करून यायचं? गूगलने २०१० मध्ये सेन्सॉरशिप नाकारून चीनमधलं सर्च गुंडाळलं. तिथल्या माणसाच्या हाती काय आलं? बायडू, तिथलंच सेन्सॉर केलेलं सर्च. ॲपल थांबली म्हणून निदान बरा एन्क्रिप्टेड फोन तरी मिळून राहिला त्याले.

धंतोलीकर: "निघून या" म्हटलंच नाही मी. परत वाचा.

बुटीबोरी_पॅसेंजर: दुसरं दार म्हणजे एपीकेच ना, अँड्रॉइडवर स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल? मागच्या लग्नसराईत आईच्या मोबाइलवर पत्रिका आली. फाइलचं नाव "शुभविवाह.एपीके". कोणाचं लग्न म्हणून तिनं उघडली, विचारलं त्याला हो-हो केलं. संध्याकाळपर्यंत बाबांच्या पेन्शनचं खातं साफ. तुमचं स्वातंत्र्य आम्हाले लय महाग पडलं भाऊ.

महालातली: वाईट झालं. पण "तिकडचा कायदा तिकडेच" असंही समजू नका. चीनमध्ये लोक एअरड्रॉपने, म्हणजे जवळच्या आयफोनवर थेट फाइल पाठवायच्या सोयीने, सरकारविरोधी पत्रकं वाटत होते. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथल्या आयफोनवर "सगळ्यांकडून घ्या" हे सेटिंग दहा मिनिटांवर आलं, मग आपोआप बंद. पुढच्या अपडेटात तेच आपल्या नागपुरात धरमपेठेतल्या फोनवरही. पाहा उघडून.

मिहानवाला: ते मला आवडलं, खरं सांगतो. मेट्रोत अनोळखी माणसाचे घाणेरडे फोटो कोणाले पाहिजेत?

महालातली: मलाही नकोत. पण बंद-चालू मी करीन ना. दहा मिनिटं कोणी ठरवली?

धंतोलीकर: आणि दार उघडता येतच नाही असंही नाही. युरोपने कायदा केला, तर २०२४ पासून तिथल्या आयफोनवर दुसरी स्टोअर्स चालतात. कुरकुरत का होईना, उघडलं. पॅसेंजरभाऊ, आईच्या फोनला कुलूप असू द्या, पक्कं असू द्या. फक्त किल्ली घरात पाहिजे.

बुटीबोरी_पॅसेंजर: चालेल. पण माझ्याकडे. आईकडे नको.

महालातली: आईले विचारलं का?