आयर्न मेडनचा नाद आधी डोळ्यांना लागतो, कानांना नंतर

फेरीवाला_८८:
वाद घालायचाच आहे म्हणून सरळ मांडतो. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या कुठल्याही जुन्या पंख्याला विचारा, या नादाला कसा लागलास, उत्तर ठरलेलं असतं. स्टीव्ह हॅरिसचा चौखूर उधळणारा बेस, ब्रूस डिकिन्सनचा आवाज, जोडीने चालणाऱ्या दोन गिटारी. सगळं खरं, पण ही मागाहून सुचलेली कारणं आहेत. आधी दिसला तो एडी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एडी म्हणजे या बँडचं घरचं भूत. सुकलेली कातडी, खोबणीतून चमकणारे डोळे, वाढलेले केस. १९८० साली पहिला अल्बम आला तेव्हापासून तो कव्हरवर ठाण मांडून आहे. चित्रकार डेरेक रिग्जने ते चित्र मेडनसाठी काढलेलंसुद्धा नव्हतं. ते आधीच तयार होतं, पंक वळणाचं. बँडच्या लोकांनी पाहिलं आणि म्हणाले, केस वाढव, म्हणजे आपला वाटेल. पुढे त्याच वर्षी एका सिंगलच्या कव्हरवर त्याने मार्गारेट थॅचरबाईंना आडवं केलं, १९८३ला साखळदंडात वेड्यांच्या कोठडीत बसला, १९८४ला इजिप्तचा फॅरो झाला, १९८६ला यंत्रमानव. दर वेळी नवीन अवतार.

आमच्याकडे तो फॅशन स्ट्रीटवर काळ्या टी-शर्टावर लटकायचा. मी घेतलेला दोन साइझ मोठा होता. पाच-सहा धुण्यांत छपाईला भेगा पडल्या आणि एडी मूळ चित्रापेक्षा भयंकर दिसायला लागला. आजी तो शर्ट दोरीवर उलटा वाळत घालायची, दिवेलागणीला ते तोंड नको म्हणून. या सगळ्या काळात मी मेडनचं एक गाणं ऐकलेलं नव्हतं. तरी कोणी विचारलं तर "आपला बँड" म्हणून सांगायचो. माझा दावा असा की बहुतेकांचं असंच झालंय, कबूल करायला लाज वाटते इतकंच.

भरलेली_कॅसेट:
साफ असहमत. तुम्ही फॅशन स्ट्रीटवाले. आमच्या गावात ना टी-शर्ट, ना ओरिजिनल कॅसेट. शहरात इंजिनिअरिंगला गेलेला मामेभाऊ सुट्टीत यायचा आणि कोरी सी-९० घेऊन ये, भरून देतो म्हणायचा. त्या कॅसेटला कव्हर म्हणजे रेघांचा कागद, त्यावर निळ्या बॉलपेनने नाव. 'मेडन'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमीच. एडी-बिडी काही नाही.

आता ऐका. १९८४चा 'पॉवरस्लेव्ह' अल्बम आहे ५१ मिनिटांचा आणि सी-९०ची एक बाजू ४५ मिनिटांची. शेवटचं गाणं, इंग्रजी कवी कोलरिजच्या कवितेवरचं, एकटंच तेरा मिनिटांच्या वर. त्याच्या मध्यावर सगळी वाद्यं गप्प होतात, जहाजाची लाकडं करकरतात, कोणीतरी कवितेच्या ओळी बोलतो, नुसता बेस चालू असतो. आणि माझ्या कॅसेटवर साधारण तिथेच खट्ट. पट्टी संपली. खलाशांना तहानेने मरायला सोडून मला बाजू बदलावी लागायची. पुढे काय झालं हे कळायला कॉलेज उजाडलं. तोवर ते अर्धं गाणं मी किती वेळा ऐकलं असेल त्याला हिशेब नाही. सांगा, यात चित्राचा संबंध कुठे आला?

आणि एडी जेव्हा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, इतकं गंभीर संगीत आणि वर हे जत्रेतलं भूत?

सोम्यागोम्या:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या.

फेरीवाला_८८:
@भरलेली_कॅसेट, तुमची गोष्ट झकास आहे, पण अपवाद आहे. मामेभावाकडे ओरिजिनल होती ना? तो कशाने लागला नादाला, विचारा त्याला.

१९८२चंच घ्या. 'नंबर ऑफ द बीस्ट' हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला त्यांचा पहिला अल्बम. कव्हरवर सैतान एडीच्या हातातली कळसूत्री बाहुली, आणि सैतानाच्या हातात आणखी एक छोटा एडी. अमेरिकेत धार्मिक मंडळींनी तबकड्यांच्या होळ्या केल्या. त्यांनी काय बेस ऐकून केल्या? शिव्या देणाऱ्यांनीही आधी चित्रच पाहिलं.

वेस्टहॅम_वाडी:
इथे पूर्व लंडनजवळ राहतो, त्यामुळे हा विषय जवळचा. फेरीवाले, तुमचा मुद्दा इतिहासातच टिकत नाही.

हॅरिसने बँड काढला १९७५च्या नाताळात, लेटनला. मग तीन-चार वर्षं पबमध्ये वाजवणं. १९७८च्या अखेरीस केंब्रिजच्या एका स्टुडिओत त्यांनी डेमो केला आणि ती टेप नील के नावाच्या डीजेला दिली. वायव्य लंडनमध्ये किंग्जबरीला एका पबच्या मागच्या हॉलात तो फक्त हेवी मेटल लावायचा. पोरं पुठ्ठ्याच्या आणि फळीच्या गिटारी घेऊन यायची, स्टेजवर कोणी नसताना त्यावर वाजवल्याचं सोंग करायची. तिथे येणारे लोक चिठ्ठ्या देऊन गाणी मागत. त्या मागणीवरून बनलेली यादी 'साउंड्स' साप्ताहिकात छापून यायची, आणि १९७९मध्ये मेडनचं डेमोवरचं 'प्राउलर' तिच्यात पहिलं आलं. तेव्हा यांच्याकडे रेकॉर्ड कंपनी नव्हती, अल्बम नव्हता, रिग्जचं चित्रही नव्हतं. त्याच डेमोतली तीन गाणी वर्षाअखेरीस छोट्या तबकडीवर काढली. पाच हजार प्रती, टपालाने विक्री. कव्हरवर गायक पॉल डिआनोचा फोटो. एडी शून्य.

हे पहिले भक्त. नुसत्या कानाने झालेले.

फेरीवाला_८८:
माहिती उत्तम, दंडवत. पण अर्धी. त्या पबच्या दिवसांत स्टेजमागच्या पडद्यावर एक मुखवटा टांगलेला असायचा. त्याच्या तोंडातून मत्स्यालयाच्या पंपाने लाल पाणी उडायचं, थेट ड्रमरच्या डोक्यावर. त्या मुखवट्याचं नाव? एडी. म्हणजे रिग्ज यायच्या आधीपासून तोंड होतंच.

वेस्टहॅम_वाडी:
टेप ऐकणाऱ्याला मुखवटा दिसतो का हो? चिठ्ठ्या टेपसाठी येत होत्या.

रेणू_एम.ए.:
या धाग्यात एक गोष्ट कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. फेरीवाला गाणं न ऐकता टी-शर्ट घालून फिरले आणि आज गमतीने सांगताहेत. हेच मी केलं असतं तर? मी मेडनचा शर्ट घालून कॉलेजात गेले की एक तरी मुलगा यायचाच. "मेडन? बरं, तीन गाणी सांग." तीन सांगितली की, "ही तर सगळ्यांनाच माहीत असतात." मग ड्रमर कोण, मग त्याआधीचा कोण. मुलांची परीक्षा कोणी घेतलेली मी पाहिली नाही. चाहते 'कसे झाले' ही चौकशी निरागस नसते बरं का. कोणाला आत घ्यायचं याचा तो दरवाजा असतो.

आता माझं. बी.ए.ला कोलरिज होता. १७९८ची कविता, म्हातारा खलाशी, अल्बाट्रॉस मारल्याचा शाप. आम्हाला शिकवताना सगळा जीव प्रतिमा आणि प्रतीकांच्या नोट्समध्ये गेलेला. एका मैत्रिणीच्या भावाने ऐकलं आणि म्हणाला, ही कविता माझ्याकडे गिटारवर आहे. मी पुस्तक मांडीवर घेऊन ऐकलं. हॅरिसने गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितलीय आणि दोन ठिकाणी मूळ ओळी जशाच्या तशा ठेवल्यात. अल्बाट्रॉस गळून पडतो तिथे जी लय बदलते ती ऐकल्यावर मला पहिल्यांदा ती कविता ऐकू आली. तेव्हापासून मेडन. म्हणजे मी गाण्यानेही नाही, चित्रानेही नाही, अभ्यासक्रमाने आले. हा तिसरा दरवाजा तुमच्या यादीत नाही.

मग मी शोधतच सुटले. क्रिमियन युद्धातली बॅलाक्लाव्हाची १८५४ची ब्रिटिश घोडदळाची चढाई टेनिसनच्या कवितेतून १९८३च्या 'ट्रूपर' या गाण्यात आली. सिकंदरावरच्या १९८६च्या गाण्यात सैन्य भारतात पुढे यायला नकार देतं, इतका आपला उल्लेख. ते गाणं त्यांनी स्टेजवर पहिल्यांदा वाजवलं थेट २०२३ला.

भरलेली_कॅसेट:
रेणूताई, +१. ती "तीन गाणी सांग"वाली जमात आमच्या होस्टेलवरही होती. बाकी तुम्ही पुस्तक मांडीवर घेऊन ऐकलंत म्हणजे नशीबवान. गाणं पूर्ण होतं तुमच्याकडे.

भीमपलास:
मी या बँडचा कोणीच नाही, घरात मुलगा ऐकतो म्हणून परिचय. तुम्ही सगळे उगाच खोल जाताय. सोळाव्या वर्षी जे कानावर आणि डोळ्यांवर आदळतं ते जन्माला चिकटतं, मग ते मेडन असो नाहीतर नाट्यसंगीत. माझ्या मुलाला तिशीत मेडन भेटला असता तर त्याने आवाज कमी कर म्हटलं असतं.

बीकेसी_चा_धुरळा:
भीमपलासकाका, मी चाळिशीला टेकलो होतो तेव्हा झालो. मोजून सांगतो कुठे: १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान. मित्राकडे जास्तीचं तिकीट होतं, फुकट म्हणून गेलो. मला येत होते ते किशोरकुमार.

त्या जागतिक दौऱ्याचा पहिला प्रयोगच मुंबईत होता. (आदल्या वर्षी मार्चमध्ये ते बंगळूरला येऊन गेले होते, तेव्हा त्यांच्या आधी दिल्लीचा परिक्रमा बँड वाजला. मुंबईची पाळी नंतर.) बोइंग ७५७ घेऊन आले, बँड, सामान, माणसं एकाच विमानात, आणि वैमानिक कोण तर गायक स्वतः. डिकिन्सनकडे खरोखरचं लायसन्स, विमान कंपनीत नोकरी. हे मला रांगेत उभं असताना शेजारच्या पोराने सांगितलं, मी म्हटलं फेकू नको.

पण त्याने काही झालं नाही. झालं ते 'फिअर ऑफ द डार्क' या गाण्याला. सुरुवातीची गिटारची धून आहे, तिला शब्दच नाहीत. ती अख्खं मैदान गायला लागलं. शब्द नाहीत, म्हणजे पाठ असण्याचा प्रश्न नाही, दुसऱ्या आवर्तनाला मीही गात होतो. शेजारी घामाने निथळलेला तो पोरगा, त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला, काका चला म्हणाला. मी त्याआधी कव्हर पाहिलं नव्हतं आणि कॅसेटही ऐकली नव्हती. भक्त गर्दीत होतात. घरी बसून कोणी होत नाही.

फेरीवाला_८८:
काका, त्या दौऱ्यात शेवटी शेवटी स्टेजवर चालत कोण यायचं? तो १९८६चा यंत्रमानव एडी, माणसाच्या दुप्पट उंचीचा. तेव्हा तुम्ही काय डोळे मिटून होतात?

बीकेसी_चा_धुरळा:
डोळे उघडे होते आणि खरं सांगू, गणपतीतल्या हलत्या देखाव्याची आठवण झाली. गंमत वाटली. पंखा मी त्याच्या आधीच झालेलो.

इअरफोन_लावा:
मी या धाग्यातला सगळ्यात लहान असेन. मला एडी फोनमधल्या गेममुळे माहीत. मेडनचा स्वतःचा गेम आहे, २०१६चा, त्यात वेगवेगळ्या अल्बमांमधले एडी घेऊन लढायचं. फेरीवालेदादांच्या हिशेबाने मी पहिल्या दिवशीच भक्त व्हायला हवं होतं, कारण एडीशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. पण मी लोकलमध्ये आवाज बंद करून खेळायचो. कितीतरी महिने एडी माझ्यासाठी फक्त एक पात्र होता, बँडचं नावसुद्धा नीट वाचलं नव्हतं. एकदा इअरफोन लावून खेळलो आणि मागे काय वाजतंय ते ऐकून खेळ थांबवला. त्या दिवशी हरलो, पण शोधून काढलं.

भरलेली_कॅसेट:
घ्या! चित्र आहे, गाणं नाही, आणि पंखाही नाही. फेरीवाले, याला काय म्हणता?

फेरीवाला_८८:
चित्र पुरेसं असतं असं मी कुठे म्हटलं? चित्र आधी येतं म्हटलं. या पोराच्या बाबतीतही आधी एडीच आला. शिवाय गेमाकडे त्याला कोणी ओढलं?

वेस्टहॅम_वाडी:
मग याचं उत्तर द्या. १९९४ ते ९९ डिकिन्सन बाहेर होता आणि ब्लेझ बेली गात होता. दोन अल्बम, दोन्हींवर एडी. तरी हॉल लहान झाले, लोक कमी झाले. १९९९ला डिकिन्सन आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ परत आले आणि २००१च्या जानेवारीत रिओला अथांग गर्दीसमोर वाजवत होते. एडी तर सगळ्या काळात जागेवरच होता. बदलला तो गळा.

फेरीवाला_८८:
या प्रश्नाची वाटच बघत होतो. १९९५चं 'एक्स फॅक्टर'चं कव्हर रिग्जचं नाही, ह्यू साइमचं. एडीचा चिरफाड केलेला पुतळा करून त्याचा फोटो काढलाय. १९९८चंही रिग्जचं नाही. हात बदलला, जादू गेली, लोक गेले. माझ्याच मुद्द्याला पुष्टी.

रेणू_एम.ए.:
आणि १९९२चं 'फिअर ऑफ द डार्क'? तेही रिग्जचं नाही, मेल्विन ग्रँटचं. १९९८चंही त्यांचंच. म्हणजे तुमचा 'हात' ९२लाच बदलला होता, आणि बीकेसीच्या मैदानात काकांना ज्याने पंखा केलं ते गाणं नेमकं त्याच अल्बममधलं.

फेरीवाला_८८:
त्या कव्हरवर झाडातून बाहेर येणारा एडी आहे, ताई. ते झाड जमलंय. ९८चं फसलंय. एकाच माणसाची दोन चित्रं सारखी कशी धराल?

सोम्यागोम्या:
पॉपकॉर्न संपले. कोणीतरी तो ९८चा एडी कसा फसलाय ते सांगा, म्हणजे मी दुसरं पाकीट फोडतो.