मदत हवी आहे: सनद (वकिलीचा परवाना) नसलेल्या 'वकिला'वर केस कशी करायची?

नमस्कार मंडळी, माझ्या आत्याच्या जमिनीच्या वाटपाचा दावा तालुका कोर्टात आहे, 2023 च्या दिवाळीनंतर एकाने काळा कोट, बँड वगैरे घालून 'मी बघतो सगळं' म्हणत तिच्याकडून थोडे थोडे करत 85 हजार घेतले, आणि आता कळतंय की त्याच्याकडे सनदच नाही. वकीलपत्रावर (वकील नेमल्याच्या कागदावर) सही आहे, गोल शिक्का आहे, पण माह ने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो ना, ती जागा कोरीच. आत्या सातवी शिकलेली, तिला काय कळणार, मी तरी आधी बघायला हवं होतं.

मी वाचलं ते असं की 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 45 मध्ये अशा माणसाला 6 महिन्यांपर्यंत कैद आहे. फक्त 6 महिने! फसवणुकीचं 420 लावलं तर 7 वर्षांपर्यंत जाते. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या (जुन्या दंड संहितेच्या) जागी भारतीय न्याय संहिता आली, पण पैसे त्याच्या आधी दिलेत, म्हणजे जुनी आयपीसीच लागणार ना, की न्याय संहिता?

बार कौन्सिलची (वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची) शिस्तीची कारवाई सनद असलेल्यांवरच होते म्हणतात, मग आधी पोलीस स्टेशनला जाऊ की कोर्टातच अर्ज देऊ? आणि मुख्य म्हणजे त्याने आत्याच्या वतीने दोन तारखांना जे लिहून दिलंय त्याचं काय, दावा बिघडेल का? पुढची तारीख 15 दिवसांवर आहे, कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, आत्या रात्र रात्र झोपत नाहीये.