मैत्रिणीसाठी सरोगेट व्हायचं मनात आहे, घरी कसं सांगू?

लातूरची_लेक

नमस्कार. मी लातूरची, वय 33. मुलगा दुसरीत आहे. नवरा औशाकडं जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत, घरात सासूबाई आहेत.

माझी एक मैत्रीण आहे. कॉलेजला असताना हॉस्टेलवर आम्ही एकाच खोलीत होतो. ती अंबाजोगाईला दिलेली आहे. पहिल्या बाळंतपणात तिची वार सुटली नाही, रक्त थांबेना, शेवटी जीव वाचवायला गर्भपिशवी काढावी लागली. लेकरूही हाती लागलं नाही. अंडाशय मात्र शाबूत आहेत. म्हणजे बीज तिचं आणि तिच्या नवऱ्याचं घेऊन गर्भ तयार करता येतो, वाढवायला तेवढं पोट पाहिजे.

तिनं मला हे मागितलेलं नाही, आणि ती कधीच मागणार नाही. मध्यंतरी तिच्या नणंदेच्या लेकराचं बारसं होतं, मलाही बोलावलं होतं. पाळण्याची दोरी धरायला बायका उभ्या राहिल्या, तशी हीपण पुढं झाली. सासू म्हणाली, "तू आत पुऱ्यांचं बघ." सगळ्यांच्या देखत. ती काही बोलली नाही, आत जाऊन पुऱ्या लाटत बसली. मी तिच्याजवळ बसले तर म्हणाली, "पीठ जरा सैल झालंय गं." त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून हे जाईना.

नवऱ्याला सांगितलं. ते लई वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "तुला काही झालं तर या पोराला मी काय सांगू?" नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत.

दवाखान्याची मला भीती नाही. माझं बाळंतपण नॉर्मल झालंय. मला भीती आहे ती आमच्या गल्लीची. पोट दिसणार सगळ्यांना, आणि मग लेकरू दिसणार नाही. सासूबाईंना भजनाला जायचं असतं, चार बायका त्यांना विचारणार. मुलगा म्हणणार, माझा भाऊ कुठं गेला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ती आणि मी नंतर पहिल्यासारख्या राहू का? कुणी जवळून बघितलं असेल तर सांगा. वेळ पण फार नाही, 35 ची अट आहे असं ऐकलंय.

कोर्टाची_पायरी

ताई, मी वकिलाकडं कामाला आहे, कायद्याचं तेवढं सांगतो. सरोगसीचा कायदा 2021 चा आहे, जानेवारी 2022 पासून लागू झाला. वयाचं तुम्ही बरोबर ऐकलंय. गर्भ पोटात सोडायच्या दिवशी बाई 25 ते 35 मध्ये पाहिजे, लग्न झालेलं पाहिजे, स्वतःचं एक लेकरू पाहिजे. नात्यातलीच पाहिजे असं नाही, राजीखुशीनं तयार असलेली कुणीही चालते. पण आयुष्यात एकदाच. आणि स्वतःचं बीज द्यायचं नाही. तो प्रश्न तुमच्यात नाहीच.

पैशाचं नीट लक्षात ठेवा. दवाखान्याचा खर्च, नियमात बसणारे बाकीचे खर्च आणि तुमचा 36 महिन्यांचा आरोग्य विमा त्यांनी करायचा. त्यावर रोख किंवा वस्तू, कशातही मोबदला नाही. तिच्या घरचे प्रेमानं सोन्याचं काही करतो म्हणाले तरी हात जोडून नको म्हणा. मोबदला ठरला तर जोडप्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

गर्भपिशवी नसल्याचं प्रमाणपत्र तिला जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून घ्यावं लागेल, म्हणजे बीडला जावं लागेल. मग लेकराचं पालकत्व आणि ताबा यासाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं तुम्ही आणि त्यांनी मिळून अर्ज करायचा. हा आदेश अगोदरच होतो, म्हणून जन्मानंतर लेकरू कुणाचं हा वाद राहत नाही.

अजून एक. गर्भ सोडायच्या आधी कधीही तुम्ही माघार घेऊ शकता. आणि लेकरू मुलगी झाली, जुळं झालं, काही व्यंग निघालं, तरी त्यांना ते नाकारता येत नाही. कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तिच्या सासूला आधी हे वाचून दाखवा.

परभणीची_सिस्टर

दवाखान्याची भीती नाही म्हणतीस, पण थोडी असू दे बाई. पहिलं नॉर्मल झालं ही चांगली गोष्ट आहे, पण हे त्याच्यासारखं नसतं. आधी गर्भपिशवीचं अस्तर जाड व्हायला गोळ्या, मग गर्भ टिकायला प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची इंजेक्शनं, आणि दिवस राहिल्यावरही ते दहा-बारा आठवडे चालू राहतं. इंजेक्शनची जागा दगडासारखी होते, शेकत बसावं लागतं. अशा गर्भारपणात बीपी वाढायचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, त्यामुळं तपासणी एकही चुकवायची नाही. डॉक्टरांना एकच गर्भ सोडा म्हणून सांग. जुळ्याचा हट्ट त्यांच्या घरून आला तरी ऐकू नकोस.

आणि दुधाचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर गेलं तरी तिसऱ्या दिवशी छाती भरून येते. दूध बंद करायची गोळी असते, ती बाळंत झाल्याबरोबर घ्यायची की थोडे दिवस दूध काढून द्यायचं, हे तुम्ही दोघींनी आधीच बोलून ठेवा. त्या वेळी ठरवायला बसलात तर दोघी रडाल.

आशा_बीड

मी बीड जिल्ह्यात आशा आहे. माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या गावातून बायका ऊस तोडायला जातात. 2019 ला सरकारच्या समितीनं पाहणी केली, 82 हजारांवर बायकांत 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी तरण्या. त्यांची कंबर, त्यांचा थकवा मी रोज बघते. आपल्याकडं बाईचं शरीर दुसऱ्याच्या सोयीनं वापरलं जातं आणि वर तिला त्यागाची मूर्ती म्हणतात. तुमचं मन मोठं आहे, पण त्या सासूनं ज्या तोंडानं तिला आत पाठवलं त्याच तोंडानं उद्या तुम्हाला "नीट खा, आमचं लेकरू आहे" म्हणेल. सातव्या महिन्यात तुमच्या घरची घागर कोण उचलणार? लातूरला नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मी काय सांगू.

दत्तकाचा मार्ग आहे. कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिथं नाव नोंदवा म्हणावं. थांबावं लागतं, पण कुणाच्या जिवाला धोका नाही.

जिंतूरची_थोरली

मी सरोगसी केलेली नाही. माझ्या धाकट्या जावेला लेकरू होईना म्हणून माझा दुसरा मुलगा मी तिच्या ओटीत घातला. माझ्याच पोटचा, माझ्याच रक्ताचा. आता तो बारावीला आहे. मला मोठी आई म्हणतो.

कसं वाटतं ते सांगते. पहिलं वर्ष अवघड गेलं. तो रात्री रडला की भिंतीच्या पलीकडून ऐकू यायचं आणि मी उठून बसायचे. पण गेले नाही. एकदा गेले असते तर सारखी गेले असते, आणि जाऊ आई झालीच नसती. तू दुसऱ्या गावात आहेस, हे बरं आहे.

आम्ही गावाला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. लपवलं असतं तर कुणीतरी त्या पोराला शाळेत डिवचलं असतं. तुझ्या सासूबाईंना भजनातल्या बायकांसमोर खोटं बोलायला लावू नकोस. खरं सांगायला त्यांना शब्द दे, त्या सांगतील. आणि पोराला आधीपासून "मावशीचं बाळ" असंच म्हणायची सवय लाव. लहान लेकरांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं.

लातूरची_लेक

सगळ्यांचे आभार. आशाताई, तुमचा राग आला नाही. पाण्याचं तुम्ही खरं बोललात. दत्तकाचं तिनं स्वतः दोनदा घरी काढलं होतं, सासऱ्यांनी तोडून टाकलं. ते तयार झाले तर मला आनंदच आहे, आणि मी तिला तेही परत विचारणार आहे.

थोरल्या ताई, तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. ते म्हणाले, आईला आपण दोघांनी मिळून सांगू, तू एकटी नको. म्हणजे त्यांचा होकार आहे असं मी धरते. सासूबाई होय म्हणेपर्यंत मैत्रिणीजवळ मी शब्द काढणार नाही. तिला एकदा आशा लावली आणि मग माघार घेतली, असं माझ्याच्यानं होणार नाही.

दुधाचं माझ्या मनातच आलं नव्हतं. मला वाटतं, मी थोडे दिवस काढून देईन. पण ते तिनं ठरवावं, आई ती आहे.

कोर्टवाले दादा, एक शंका राहिली. टेस्ट ट्यूब बेबीची सेंटर लातूरला आहेत, पण सरोगसीसाठी वेगळी नोंदणी लागते ना? ती आहे की नाही हे आपण कुठं बघायचं? दवाखान्यात विचारलं तर सगळे आहे म्हणतील. मला नोंदणीचा कागद डोळ्यानं बघायचा आहे.

कोर्टाची_पायरी

होय, सरोगसी क्लिनिकची नोंदणी वेगळी असते. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं त्यांना बंधनकारक आहे. आत गेल्यावर पहिल्यांदा भिंतीकडं बघा, मुदत संपलेली नाही ना तेही बघा, आणि दिसलं नाही तर फाईल न काढता परत या. सासूबाईंचं झालं की इथं कळवा, अर्जाला काय काय कागद लागतात ते सांगतो.