डावे-उजवे कण वेगळे करताना नुसता लेझर का पुरत नाही?

डावे-उजवे कण म्हणजे आपल्या दोन हातांसारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले कण. कुणीतरी विचारलंय की ते वेगळे करायला वर्तुळाकार ध्रुवित लेझर (ज्याच्या लहरी गोल फिरत पुढे जातात) सोडला की झालं, संरचित प्रकाशाचा, म्हणजे ठरावीक नमुना पाडलेल्या प्रकाशाचा, खटाटोप कशाला? अडचण अशी, की सरळ झोत डाव्या आणि उजव्या दोन्ही कणांना एकाच दिशेने ढकलतो. फरक पडतो तो फक्त जोराचा, तोही अगदी जरासा.

खरी गंमत दोन झोत तिरपे छेदवण्यात आहे. त्यांची ध्रुवणं (म्हणजे प्रकाशलहरी डोलण्याच्या दिशा) एकमेकांना काटकोनात ठेवली की प्रकाशाची तीव्रता सगळीकडे जवळपास सारखीच राहते, पण ध्रुवण मात्र जागोजागी बदलत जातं: इथे डावीकडे फिरणारं, पुढे सरळ, त्यापुढे उजवीकडे फिरणारं. असे पट्टेच पडतात! मग एका हाताचे कण एका पट्ट्याकडे ओढले जातात, दुसऱ्या हाताचे शेजारच्या. शास्त्रज्ञ लुई पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने एकेक करून निवडले होते. तेच काम इथे प्रकाश करतो.

मात्र रेणूंच्या बाबतीत हा जोर फार तोकडा पडतो, ते ज्या पाण्यात असतात त्या पाण्याचे धक्के त्याला पुरून उरतात. म्हणून मळसूत्री आकाराच्या सोन्याच्या नॅनोकणांवर मला जास्त भरवसा वाटतो.

डाव्या-उजव्यातला फरक नाकाने अनुभवायचा असेल तर मंडईतून पुदिना आणि बाळंतशेपा आणा, दोन्ही चुरगाळून हुंगा. दोन्हींत कार्व्होन हे एकच वासाचं रसायन असतं, फक्त एकमेकांची आरशातली प्रतिमा. वर्गात मी हेच करते, मुलं चकित होतात.