थुलियम फायबर आलं, मग होल्मियमचा क्रिस्टल कशाला पोसायचा?

सिंहगडी
मूतखडा फोडायला गेली तीसेक वर्षं होल्मियम यॅग लेझरच वापरतात, म्हणजे होल्मियम हा दुर्मिळ मृदा धातू मिसळलेला यॅगचा (यिट्रियम अॅल्युमिनियम गार्नेटचा) क्रिस्टल. आतली व्यवस्था बघा: फ्लॅशलॅम्प पेटतो, त्याचा प्रकाश क्रिस्टलमध्येच मिसळलेलं क्रोमियम शोषतं, क्रोमियम ती ऊर्जा थुलियमला देतं, थुलियम होल्मियमला, आणि मग कुठे २.१ मायक्रॉनची पल्स बाहेर पडते. प्रत्येक टप्प्यावर गळती. घेतलेल्या विजेतला शेकडा एक-दोन टक्केच प्रकाश होतो, बाकी सगळी उष्णता. म्हणून ते कपाटाएवढं धूड, आत फिरणारं पाणी आणि वेगळी जाड वायरिंग. तीसेक वॉटच्या पुढे क्रिस्टलच्या एका रॉडला झेपत नाही, तेव्हा अनेक रॉड बसवून फिरत्या आरशाने त्यांच्या पल्स आळीपाळीने एका वाटेवर आणायच्या.

उलट थुलियम फायबर लेझर, म्हणजे थुलियम मिसळलेल्या काचेच्या बारीक तंतूचा लेझर, साध्या प्लगवर आणि पंख्याच्या हवेवर चालतो. त्याची १.९४ मायक्रॉनची लहर पाणी चारेक पट जास्त शोषतं, त्यामुळे खड्याचा अगदी बारीक भुगा होतो. नॉर्वेतल्या चाचणीचा २०२२ चा निकाल आहे: १२० रुग्ण, खडा पूर्ण निघाला थुलियमकडे ९२ टक्के, होल्मियमकडे ६७. आणखी काय पुरावा हवा? नव्या रुग्णालयांनी क्रिस्टलवर पैसे घालणं म्हणजे हौस.

दुर्बीणबहाद्दर
मी रोज दुर्बिणीतून हेच काम करतो, म्हणून बोलतो. तुम्ही त्या चाचणीचा मथळा वाचलात, तक्ता नाही. मूत्रनलिकेतल्या खड्यांत दोन्हीकडे १०० टक्के यश होतं. फरक पडला तो किडनीतल्या खड्यांत, ८६ विरुद्ध ४९. आणि समोर होल्मियमचं साधं, कमी पॉवरचं यंत्र होतं. नव्या हाय-पॉवर यंत्रात पल्सला आकार देता येतो: पहिला भाग पाण्यात वाफेचा बुडबुडा करून वाट मोकळी करतो, उरलेला खड्यावर जातो. अशा यंत्राशी थुलियमची अमेरिकेत तुलना झाली, निकाल २०२३ मध्ये आला. ना वेळेत लक्षणीय फरक, ना यशात.

प्रोस्टेटचं तर तुम्ही नावच घेतलं नाहीत. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी नव्वदच्या दशकात वाढलेली ग्रंथी होल्मियमने आतून सोलून काढायची पद्धत बसवली. तिथे त्या जोरकस पल्सच्या बुडबुड्यानेच थर सुटे होतात. आता थुलियमनेही ते करतात, पण हाताला जाणवतो तो झटका वेगळा. तो वाया जाणारा आवाज नव्हे, कामाचा भाग आहे.

सिंहगडी
"हाताला जाणवतो" हा पुरावा नव्हे, सवय आहे. ज्याने आयुष्यभर एकच यंत्र चालवलं त्याला दुसरं बेचवच लागणार.

फोटॉनपंत
दोघंही दवाखान्याच्या दारातच भांडताय. मी लेझर बनवणाऱ्यांपैकी, सध्या जर्मनीत. सिंहगडी, तुमचा राग फ्लॅशलॅम्पवर आहे आणि शिव्या खातोय होल्मियम.

दवाखान्याबाहेर आज हाय-पॉवर होल्मियम दिव्याने पंप करतच नाहीत, म्हणजे त्यात ऊर्जा दिव्याने भरत नाहीत. १.९०८ मायक्रॉनचा थुलियम फायबर लेझर घ्यायचा आणि थेट होल्मियम यॅगमध्ये सोडायचा. १.९०८ आत, २.०९ बाहेर, त्या उडीत जाते ती जेमतेम ९ टक्के ऊर्जा. म्हणजे तुमचा लाडका फायबर लेझर इथे पंप म्हणून राबतो. एकाला काढून दुसरा आणायचा प्रश्नच नाही.

मग क्रिस्टल हवा कशाला? साठवायला. यॅगमध्ये होल्मियमची वरची ऊर्जा-पातळी सुमारे ८ मिलिसेकंद टिकते. दुसऱ्या नेहमीच्या लेझर-धातूची, निओडिमियमची, पाव मिलिसेकंदही नाही. इतका वेळ ऊर्जा भरत राहायची आणि क्यू-स्विच, म्हणजे प्रकाश अडवून धरणारी झडप, उघडून नॅनोसेकंदांत सगळी बाहेर काढायची. नळाची धार आणि हौदाचा बोळा काढल्यावर सुटलेला लोट, इतका फरक. फायबरचा गाभा काही दशक मायक्रॉनचा. त्यात तेवढी ऊर्जा नॅनोसेकंदांत कोंबली तर काच तरी फुटेल, नाहीतर लहरीचा चेहरामोहरा बिघडेल. क्रिस्टलमध्ये किरण काही मिलिमीटर रुंद ठेवता येतो.

हे लागतं कुठे? विमानावर येणाऱ्या उष्णताशोधक क्षेपणास्त्राचा डोळा दिपवायला ३ ते ५ मायक्रॉनचा प्रकाश हवा. तो झिंक जर्मेनियम फॉस्फाइडच्या क्रिस्टलमधून काढतात आणि तो क्रिस्टल २ मायक्रॉनच्या आतला प्रकाश स्वतःच खातो. १.९४ तिथे बाद, २.०९ चालतो. हवेतली वाफही १.९४ ला अडवते. वारा मोजणाऱ्या लायडारसाठी (लेझरचा रडार) नासाच्या लँगली केंद्राने होल्मियम-थुलियम क्रिस्टलवर अनेक वर्षं घालवली, ती हौस म्हणून नव्हे. आणि बोखुमच्या रुर विद्यापीठात होल्मियम यॅगच्या पातळ चकतीतून १०० वॉटच्या वर शक्ती काढली आहे.

सिंहगडी
होल्मियम हवंच असेल तर तेही फायबरमध्ये घाला की! ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण संशोधकांनी २०१३ मध्ये होल्मियम फायबरमधून २.१ मायक्रॉनवर ४०० वॉट काढून दाखवले. आणि तुम्ही एक गोष्ट सोयीस्कर गिळलीत. होल्मियमची खालची ऊर्जा-पातळी जमिनीला, म्हणजे अणूच्या सगळ्यात खालच्या अवस्थेला, इतकी लगटून आहे की तापलेला क्रिस्टल स्वतःचाच प्रकाश पुन्हा शोषतो. शक्ती वाढवा, उष्णता वाढते. उष्णता वाढली की शक्ती घटते. फायबर लांबलचक असल्याने निदान थंड तरी होतो.

फोटॉनपंत
४०० वॉट सलग शक्तीचे, पल्सचे नव्हे. मी साठवणुकीबद्दल बोलतोय. पुनर्शोषणाचा मुद्दा मात्र खराच डोकेदुखीचा आहे. म्हणून तर होल्मियम शेकडा एकच्या आसपास ठेवतात, पंप जोरदार लावतात, नाहीतर चकती पातळ करून पाठीमागून थंड करतात. त्यात आमचे दिवस जातात, हे कबूल. पण सिलिकालाही २.१ च्या पुढे स्वतःचं शोषण चढतं, तिथे तुमच्या फायबरची लांबी अंगाशी येते.

उगाच_एक
चीनने दुर्मिळ मृदा रोखल्या की होल्मियमवाल्यांचं दुकान बंद.

फोटॉनपंत
चीनच्या निर्यातबंधनांच्या ऑक्टोबर २०२५ च्या यादीत होल्मियमबरोबर थुलियमही होतंच. नोव्हेंबरमध्ये ती वर्षभरासाठी स्थगित झाली. आणि यॅगमधला यिट्रियम त्याच्या आधीच, एप्रिलच्या यादीत. बुडायचंच तर दोघं एका होडीत.

रिकामटेकडा
डॉक्टरसाहेब, माझ्या किडनीत ९ मिलिमीटरचा बसलाय. होल्मियम की थुलियम, बिलात फरक किती ते सांगा, बाकी तुमचं चालू द्या.

दुर्बीणबहाद्दर
लेझरच्या नावावर बिल फारसं ठरत नाही. फायबरची तार नवी वापरतात की निर्जंतुक करून पुन्हा, यंत्र रुग्णालयाचं स्वतःचं की भाड्याने आणलेलं, आणि आत स्टेंट (मूत्रनलिकेत ठेवायची तात्पुरती नळी) ठेवावा लागतो का, हे आधी विचारा. स्टेंट ठेवला तर तो काढायच्या दिवसाचा खर्च वेगळा लागतो का, तेही. आणि खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात असेल तर यंत्रापेक्षा लवचीक दुर्बीण कुठली आहे ते महत्त्वाचं.