मदत हवी आहे: २०१२ ची ऑटोमॅटिक, गिअरबॉक्स स्लिप होतोय. ओव्हरहॉल करावा की गाडी काढावी?

नमस्कार. रत्नागिरीला आईकडे २०१२ ची पेट्रोल ऑटोमॅटिक सेडान आहे. चार गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून पोचवणारा) गिअरबॉक्स, १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा) नाही, एएमटी (साधा गिअरबॉक्स, क्लच यंत्र दाबतं) नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार कंपनीविरुद्ध नाही. इतकी वर्षं गाडीनं साथ दिली आहे आणि इंजिन आजही सुरेख चालतं.

त्रास असा आहे. सकाळी थंड गाडी पी मधून डी मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग एकदम धक्का बसून गाडी पुढे सरकते. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन नुसतंच रेझ होतं, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांवर जातो आणि वेग आहे तिथेच राहतो. गाडी तापली की हे वाढतं. निवळीचा चढ चढताना मागच्या महिन्यात आईला गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं. रिव्हर्स मात्र व्यवस्थित पडतो. स्कॅनर लावला तेव्हा पी ०७०० आणि पी ०७३० असे दोन कोड आले. गिअरबॉक्सचं ऑइल काळपट झालंय आणि त्याला करपल्याचा वास येतो.

तीन ठिकाणी दाखवली. पहिल्यानं खालून न बघताच "पूर्ण ओव्हरहॉल, १ लाख ३० हजार" सांगितलं. दुसऱ्याचं म्हणणं, आधी ऑइल बदलून बघू, सात-आठ हजारांत काम होईल. तिसरा मुंबईहून जुना गिअरबॉक्स आणून बसवून देतो म्हणाला, ६० हजार, एक महिन्याची हमी. गाडीला आज बाजारात दोन लाखांच्या आसपास भाव आहे, तोही गिअरबॉक्स धड असेल तर.

हिशेब एवढाच असता तर मी इथे विचारायला आले नसते. आई गाडी शिकली ती बाबा गेल्यानंतर, पंचावन्नाव्या वर्षी, आणि याच गाडीवर शिकली. तिचा डावा गुडघा अधू आहे, त्यामुळे क्लचची गाडी तिला जमणार नाही. पावसला, लांज्याला मावशीकडे, दवाखान्यात, सगळीकडे ती एकटी जाते. मी पुण्यात असते. नातेवाईक म्हणतात, आता या वयात कशाला, रिक्षा आहेत की. मला ते मान्य नाही. तिचं हिंडणंफिरणं थांबता कामा नये, एवढं माझं नक्की आहे. ते कुठल्या मार्गानं टिकेल, हे जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
ताई, मी कोल्हापूरला बरीच वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पी ०७०० म्हणजे नुसती वर्दी आहे की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी नोंद झाली आहे. खरा कोड पी ०७३०. आत जाणारे फेरे आणि बाहेर येणारे फेरे यांचं गणित जुळत नाहीये, म्हणजे कुठेतरी स्लिप होतंय. पण स्लिप कशामुळे होतंय ते कोड सांगत नाही. ऑइल कमी असेल, सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारा विजेचा खटका) अडकत असेल, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या वाटा आणि झडपांचा ठोकळा) झिजली असेल, सील कडक झाले असतील किंवा गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेट जळल्या असतील. लक्षणं सारखीच दिसतात, खर्चात मात्र दहा हजारांपासून दीड लाखापर्यंतचा फरक पडतो. म्हणून खालून न बघता ओव्हरहॉल सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

क्रमानं असं करून घ्या. आधी ऑइलची पातळी तुमच्या गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीनं तपासा. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स तापलेला आणि इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत इंजिन बंद करून. चुकीच्या पद्धतीनं बघितलं की आकडाही चुकीचाच मिळतो. त्याच वेळी ऑइल दुधाळ गुलाबी दिसतंय का बघा. तसं असेल तर रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. पाण्यानं क्लच प्लेटचं अस्तर सुटतं, मग ऑइल कितीही बदला, उपयोग नाही.

त्यानंतर चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं पात्र, उघडा. चेंबरमध्ये चुंबक असतो. त्यावर करडी, मऊ, लोण्यासारखी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे, घाबरू नका. काळे कपटे हाताला लागले तर आत प्लेट संपल्यात, चमकणारे धातूचे तुकडे लागले तर बेअरिंगही संपलेत. शेवटी लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब) मोजून घ्या, थंड असताना आणि तापल्यावर. प्रेशर नीट असेल तर सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडीवर लक्ष द्या. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ते काम चेंबर काढून खालूनच होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

प्रतिसाद:
ऑइल बदलण्याबद्दल थोडं. चेंबर मोकळं केलं तरी निम्मंसुद्धा ऑइल निघत नाही, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. त्यामुळे एकदा बदलून "नवं ऑइल घातलं" म्हणता येत नाही, थोडी गाडी चालवून पुन्हा काढावं लागतं. मशीन लावून दाबानं फ्लश करू नका. जुन्या गिअरबॉक्समध्ये साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसू शकतो. वास करपलेला आहे म्हणजे प्लेट तापल्या आहेत, तेव्हा नुसत्या ऑइलनं गाडी बरी होईल अशी आशा धरू नये.

प्रतिसाद:
कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने गिअरबॉक्स मिळतात, मीही पूर्वी आणलाय. पण तो कोणत्या गाडीतून निघाला, किती चालला, गाडी पाण्यात बुडालेली होती का, हे कळायला मार्ग नसतो. शिवाय तुमच्या गाडीइतकाच जुना गिअरबॉक्स म्हणजे त्यातले सीलही तितकेच कडक. घ्यायचाच तर चेंबर उघडून चुंबक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि गिअरबॉक्सवरचा कोड तुमच्या गाडीच्या कोडशी अक्षर अन् अक्षर जुळवा.

प्रतिसाद:
मी काढून टाका म्हणेन. एएमटी गाड्या आता परवडतात, नवीन छोटी एएमटी घेतली की पुढची दहा वर्षं काळजी मिटली. गाडी अधिकृत केंद्रात स्क्रॅप केली तर मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत असते, केंद्र सरकारच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत आहे. आरटीओत चौकशी करा.

धागाकर्ती:
एएमटी आईला मावसभावाची चालवायला दिली होती. आत क्लच साध्या गाडीसारखाच, फक्त तो यंत्र दाबतं. सपाटीला ठीक वाटली, पण चढावर थांबून निघताना गाडी किंचित मागे आली आणि आई घाबरली. सवयीनं जमेल, पण आज ती नको म्हणते. आणि सहा-सात लाख घालायची आत्ता तयारीही नाही.

प्रतिसाद:
सगळे गिअरबॉक्सबद्दल बोलताहेत. मी देवगडचा, माझा प्रश्न वेगळा आहे: गाडीचा तळ कसा आहे? आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत गाडी वरून चकचकीत दिसते आणि खालून खाऊन जाते. लिफ्टवर घ्या. सबफ्रेम (इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन पेलणारा सांगाडा), दरवाज्याखालचे सिल, मागच्या सस्पेन्शनचे माउंटिंग, सगळीकडे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघा; ब्रेकचे पाइप नुसते नजरेनं बघा. टोक आत गेलं तर गिअरबॉक्सवर एक रुपया घालू नका. माझ्या शेजाऱ्यांनी लाखभर घालून गिअरबॉक्स नवा केला, पुढच्या पावसाळ्यानंतर सबफ्रेम सुटली.

दुसरं म्हणजे आरसी. २०१२ ची म्हणजे २०२७ ला १५ वर्षं पूर्ण होतील. तपासणी होऊन पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याचं शुल्क ५,००० रुपये झालंय, शिवाय पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत आली तशी १५ वर्षांची पेट्रोलबंदी आपल्याकडे नाही. तळ चांगला असेल तर गाडी २०३२ पर्यंत कागदोपत्री चालू शकते. ओव्हरहॉलचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून बघू नका, या पुढच्या वर्षांवर वाटून बघा.

धागाकर्ती:
शनिवारी रत्नागिरीला जाऊन सगळं करून घेतलं. ऑइल दुधाळ नाही, पातळी बरोबर. चेंबर उघडलं तर चुंबकावर पेस्टबरोबर काळे कपटे होते, धातूचे तुकडे नाहीत. प्रेशर थंड असताना ठीक, तापल्यावर तिसऱ्या गिअरला पडतं. तळ लिफ्टवर बघितला. सबफ्रेमवर वरवरचा गंज आहे, टोचल्यावर टोक कुठेही आत गेलं नाही. डाव्या सिलच्या टोकाला एक जागा पोखरली आहे, तिथे पत्रा जोडून देतो म्हणाले. पुढच्या लोअर आर्मचे बुश गेलेत.

प्रतिसाद:
(कोल्हापूरवाला) मग चित्र स्पष्ट आहे. तिसऱ्या गिअरचा क्लच पॅक (प्लेटचा संच) आणि सील गेलेत, बेअरिंग आणि गिअर बहुधा शाबूत आहेत. ओव्हरहॉलला योग्य केस. पण ओव्हरहॉल म्हणजे काय काय, ते कोटेशनवर लिहून घ्या. फक्त तिसऱ्याच्या प्लेट बदलून गिअरबॉक्स बंद करणारेही आहेत. सगळ्या क्लच पॅकच्या प्लेट, सगळे सील आणि ओ-रिंग, बुश, फिल्टर, आणि टॉर्क कन्व्हर्टर रिकंडिशन केलेला किंवा बदललेला हवा. कन्व्हर्टर जुनाच बसवला तर त्यातला गाळ नव्या प्लेटवर येतो. कूलर आणि त्याचे पाइप साफ केलेच पाहिजेत. नवा केलेला गिअरबॉक्स लवकर निकामी होतो त्याचं कारण मी सर्वांत जास्त वेळा इथेच पाहिलंय. बसवल्यावर कंट्रोलरचं रीलर्न (नव्या भागांशी पुन्हा जुळवणी) करून घ्या, नाहीतर धक्के राहतात. काढलेले जुने भाग परत मागा. हमी महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये, दोन्ही लिहून घ्या.

आणि ओव्हरहॉलसाठी कोल्हापूरला आणणार असाल तर गाडी आंबा घाटातून चालवत आणू नका. फ्लॅटबेडवरच आणा. पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर तीही चालणार नाही, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आत ऑइल पोचत नाही. विमाही बघून ठेवा, झिजेमुळे झालेला बिघाड नेहमीच्या पॉलिसीत येत नाही, पण रस्त्यावरची मदत घेतलेली असेल तर टोइंगचा काही भाग सुटेल.

धागाकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. ओव्हरहॉलच करायचं ठरवलं. वरच्या यादीप्रमाणे लेखी कोटेशन मागितलं, कन्व्हर्टर धरून १ लाख १८ हजार झालं, सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटरची हमी. सिलचा पत्रा आणि बुश आधी रत्नागिरीतच करून घेते, म्हणजे कोल्हापूरला गाडी एकदाच जाईल. आईला सांगितलं, तिनं पहिला प्रश्न विचारला की गणपतीआधी गाडी परत येईल ना.

एक गोष्ट अजून हवी आहे. घाटासाठी रेडिएटरच्या पुढे वेगळा ऑइल कूलर लावावा असं दोघांनी व्यक्तिगत निरोपात सुचवलं आहे. चार गिअरच्या जुन्या गाडीला तो कुणी लावलाय का? मूळ कूलर ठेवून त्याच्या पुढे जोडायचा की मूळचा बंद करायचा, आणि पाइपचे सांधे खाऱ्या हवेत किती टिकतात, हे अनुभवातून सांगितलं तर कोटेशनमध्ये तेही घालून घेईन.